हाताआधी काठी

नवरात्र सरत आलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावर्डे परिसरात हळव्या भाताची कापणी सुरू होते. वाकायचं, डाव्या मुठीत धाटं धरायची, बुडाशी विळा लावायचा आणि ओढायचं. दिवसभरात हा डावा हात शेकडो वेळा अशा जागी जातो, जिथं डोळा आधी पोचलेला नसतो. फुरसं नेमकं अशाच जागी बसलेलं असतं.

फुरसं जेमतेम हातभर लांबीचं. त्याचा मातकट रंग जांभ्याच्या कातळात इतका मिसळून जातो की पाऊलभर अंतरावरूनही दिसत नाही. डिवचलं तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. ती सूचना ओळखायला जुनी माणसं मुलांना आवर्जून शिकवत. इंग्रजी अमदानीत, 1862 साली, रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यासाठी बक्षीस लावलं होतं आणि डिसेंबरातल्या आठ दिवसांत लाखावर फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. आज दीडशेहून जास्त वर्षांनीही कोकणातल्या सड्यांवर फुरसं आहेच. मारून हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्याच जिल्ह्यानं केव्हाच दाखवून दिलं आहे.

साप चावला की आपण नशिबाला बोल लावतो. वैद्यकशास्त्र मात्र सर्पदंशाकडे रस्त्यावरचा अपघात किंवा माडावरून पडणं यांच्यासारखीच एक इजा म्हणून बघतं. इजा म्हटलं की जागा, वेळ आणि कारण शोधता येतं, आणि शोधलं की टाळताही येतं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक सगळे खेड्यांतले.

फुरशाचं विष रक्तावर हल्ला करतं. त्यातला एक घटक रक्त गोठवणारी यंत्रणा नको तेव्हा चालू करतो. गोठण्यासाठी लागणारा माल शरीर त्यात संपवून बसतं आणि मग खऱ्या जखमेतलं रक्त थांबत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. हे ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की पाहताना नवल वाटतं. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती हळूच कलती करायची. रक्त दह्यासारखं धरलेलं असेल तर तूर्त हायसं वाटतं, तरी रुग्णावर नजर ठेवून चाचणी पुन्हा करावी लागते. पाण्यासारखं वाहिलं तर लगेच सर्पविषाची लस. घोड्यांच्या रक्तापासून बनणारी ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. झाडीत बसणाऱ्या चापड्याच्या विषासाठी मात्र ती बनवलेलीच नाही. त्याच्यापुरता तरी दंश टाळणं हाच उपाय.

टाळायचं कसं? कापणीच्या वेळी शेत सुकलेलं असतं, तेव्हा गमबूट घालून सहज वावरता येतं. लावणीच्या चिखलात ते रुततात, हे मान्य. काजूच्या हंगामात पातेऱ्यात बिया वेचताना आधी काठीनं पातेरा सारायचा. गडग्याचा दगड उचलताना बोटं खाली घालायची नाहीत, कारण तिथं लाल विंचूही असतो. इथून उत्तरेला महाडजवळ, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी या दंशावर वापरून पाहिलं आणि हजारो जीव वाचले.

मण्यारीची गोष्ट वेगळी. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाची खूण धड दिसतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या मिटू लागतात. खाट आणि अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं हा धोका खूप कमी होतो.

तरीही दंश झालाच तर प्रश्न उरतो वेळेचा. दोरी आवळणं, चिरा देणं, विष चोखणं यांनी नुकसानच होतं. अंगठी-बांगड्या काढायच्या, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं. सावर्डेकरांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. आतल्या वाड्यांना मात्र रात्री गाडी मिळणं हीच अडचण. नेपाळच्या दमक भागात यावर तोड काढली गेली. मोटारसायकलवाले स्वयंसेवक ठरवले, रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून पळवलं, आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आलं. मोटारसायकल आपल्या वाड्यावाड्यांत आहे. कोणाची, आणि रात्री हाक कोणाला मारायची, एवढं वाडीच्या बैठकीत ठरवून घ्यायला एक संध्याकाळ पुरे.

आणि या आठवड्यापुरतं एक. कापलेलं भात रात्रभर शेतात पडून राहतं, दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. सकाळी भारे बांधायला जाल तेव्हा प्रत्येक पसा आधी काठीनं उलटा करा, मगच हात लावा.