नवी पेटी आणि घरांतील वडीलधारीं माणसें

केबलवरील जुनें अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद होऊन त्याच्या जागीं डिजिटल यावें, यासाठीं सरकारनें मुंबईस ३१ ऑक्टोबर २०१२ व पुण्यासह ३८ शहरांस ३१ मार्च २०१३ ही मुदत घालून दिली होती. पुण्यांतील आमच्या घरीं आम्हीं वेळेवर तयारी केली. प्रत्येक संचास एक याप्रमाणें सेट-टॉप बॉक्स घेतले व ग्राहकाचा अर्ज भरून दिला. नवे संकेत ही पेटी जुन्या संचास उमजतील असे करून देते. तेव्हां संच बदलण्याचें कारण पडलें नाहीं.

परंतु मातोश्रींस दोन रिमोट कोणींच समजावून दिले नव्हते. तीन दिवस त्या काळ्या पडद्यासमोर जप करीत बसल्या. विचारितां म्हणाल्या, “तुम्ही सारे कामांत, कुणाला हांक मारायची?” जन्मभर लोकांचीं मुलें शिकविलेल्या आम्हांस स्वतःची लाज वाटली. मग आधीं संच, नंतर पेटी, नंतर सह्याद्री वाहिनीचा नवा क्रमांक, असें ठळक अक्षरांत लिहून दिलें व रोज त्यांच्याच हातून करवून घेतलें. आठव्या दिवशीं सायंकाळच्या बातम्या त्यांनीं स्वतः लाविल्या.

नवीं यंत्रें अजूनही घरोघर येतच आहेत. यंत्र घरांतील सर्वांत वृद्ध हातास वळेपर्यंत तयारी पुरी झाली, असें सुज्ञ गृहस्थांनीं मानूं नये.