किल्ला लगेच दिसत नाही

सकाळचे आठ वाजतात आणि फाटकं उघडतात. ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये गर्दी आत शिरते आणि समोर दिसतो तो नुसता हिरवा उतार. त्यावर फुलांनी रेखलेला मिकीचा चेहरा, वर जुन्या धाटणीचं रेल्वे स्टेशन. जगभरच्या फोटोंमध्ये असतो तो किल्ला कुठेच नाही. उताराच्या पोटातून डावी-उजवीकडे दोन बोगदे जातात. भाचा माझा हात ओढत उजवीकडे धावतो.

बोगदा बुटका, आत गारवा. पावलांचा आवाज बदलतो. बाहेर पडतो ते एका चौकाच्या कोपऱ्यात. किल्ला अजूनही नाही. चौकाच्या मध्यावर, झेंड्याच्या खांबापाशी येऊन वळावं लागतं, तेव्हा कुठे लांब रस्त्याच्या टोकाशी तो दिसतो. "मामा, तो बघ!" भाचा ओरडतो. आजूबाजूला निरनिराळ्या भाषांत हेच ओरडणं चाललंय.

मी मागे वळून बोगद्याकडे बघतोय. रायगडाच्या महादरवाजाशी असाच उभा राहिलो होतो. दोन बुरुजांच्या आड दडलेलं ते दार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गोमुखी बांधणी. तिथे शत्रूला दार सापडू नये, धडक द्यायला हत्तीला धाव मिळू नये म्हणून वाट वळवलेली. इथे आनंद एका जागी, एकदम मिळावा म्हणून. हेतू अगदी उलटे. पण दोन्हीकडे बांधणाऱ्यानं आधी विचार केलाय तो येणाऱ्याच्या नजरेचा. मला आयुष्यभर हेच काम करायचं आहे.

"अरे, रांगा वाढतील, चल ना," ताई म्हणते. तिला माहीत आहे मी लगेच हलणार नाही. लहानपणी गोराईच्या खाडीतून एस्सेलवर्ल्डला जाताना बोटीत मला काठाची जागा हवी असायची, ती तीच मला द्यायची. पलीकडच्या झाडांवरून पाळण्यांची टोकं हळूहळू वर येताना बघायची असत. पुढे आर्किटेक्चर शिकताना लक्षात आलं की माझ्या आठवणीत पाळण्यांइतकीच ती बोट आहे. पोचणं हा खेळाचाच भाग असतो.

इथे तो भाग मातीनं साधलाय. 1954 साली संत्र्याच्या बागा काढून 160 एकरांवर काम सुरू झालं, तेव्हा उद्यानाभोवती मातीचा बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली. बाहेरचे रस्ते, मोटेलं, विजेचे खांब त्याच्या आड गेले. दारही एकच ठेवलं. त्या काळातल्या करमणूक उद्यानांच्या मालकांना ते पटलं नव्हतं. एका दाराशी माणसं तुंबतील, असं त्यांचं म्हणणं. वॉल्ट डिस्ने मात्र अडून बसला. सगळ्यांची गोष्ट एकाच पानावरून सुरू व्हायला हवी होती त्याला. 17 जुलै 1955 ला उद्यान उघडलं आणि मुख्य दार आजही ते एकच आहे.

मेन स्ट्रीटवरून घोड्याची ट्राम जाते. दुकानांचे तळमजले जवळपास खऱ्या मापाचे, वरचे मजले मात्र चढत्या क्रमानं लहान केलेले. त्यामुळे इमारती उंच भासतात, पण अंगावर येत नाहीत. किल्लासुद्धा अवघा 77 फूट. वर जाता जाता दगड बारीक होतात आणि डोळा उंची स्वतःच वाढवून घेतो. माझ्या मते मोठा किल्ला बांधण्यापेक्षा हे फार अवघड. वरच्या खिडक्यांवर नावं रंगवली आहेत, जुन्या दुकानदारांची वाटावीत अशी. ती बहुतेक हे उद्यान घडवणाऱ्यांची आहेत.

त्यांत टोनी बॅक्स्टरचंही नाव आहे. 1965 साली, सतराव्या वर्षी, हा मुलगा याच रस्त्यावर आइस्क्रीमचे गोळे भरून द्यायचा. पुढे तो आराखडे करणाऱ्यांत गेला आणि इथली बिग थंडर माउंटनची आगगाडी त्यानं रचली. ताई आइस्क्रीमच्या दुकानाकडे बोट दाखवते, "घ्यायचं का?" सकाळी सव्वाआठला आम्ही तिघं आइस्क्रीमची चौकशी करतोय, याचा भाच्याला पराकोटीचा आनंद झालाय.

हाँटेड मॅन्शनच्या दाराशी मात्र तो माझं बोट घट्ट धरतो. आठ भिंतींची खोली. दार बंद होतं, म्हणजे दार कुठे होतं तेच कळेनासं होतं. भिंतीवरची चित्रं खालून लांबायला लागतात. शांत बसलेली बाई चित्रात खाली सरकत सरकत एका थडग्यावर बसलेली निघते. छत दूर जातंय. दिवे जातात, किंचाळी, अंधार.

"मामा, खोली वर जातेय की आपण खाली?"

हा प्रश्न ऐकून मला त्याला उचलून घ्यावंसं वाटतं. आपण खाली चाललोय. ही खोली म्हणजे छत नसलेली लिफ्ट आहे. बांधाच्या आत एवढ्या मोठ्या खेळाला जागाच नव्हती, म्हणून खरी इमारत बांधाबाहेर, रुळांच्या पलीकडे उभारली. माणसांना रुळांखालून तिकडे न्यायचं, पण नेलंय हे कळू द्यायचं नाही. जागेच्या अडचणीतून 1969 साली या उद्यानातली सगळ्यात गाजलेली खोली जन्मली. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या उद्यानात जागेची अशी अडचण नव्हती. तिथे खरंच छत वर जातं. मी उत्तर देत नाही. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारतो.

"पोटात गुदगुल्या झाल्या," तो विचार करून म्हणतो. "म्हणजे आपण खाली."

पुढे लांबलचक दालन; याच दालनाच्या माथ्यावरून आगगाडी जाते. मग काळ्या शिंपल्यासारखी बैठक आम्हाला उचलते. तिची पाठ आणि बाजू उंच, त्यामुळे आजूबाजूचं काही दिसत नाही. ती वळेल तिकडे आपण बघतो. सिनेमात कॅमेरा जे करतो ते इथे ही खुर्ची करते. सज्ज्यावरून खाली भोजनगृहात भुतं नाचताना दिसतात, आरपार, पिठूर चांदण्यासारखी. ती 1862 मध्ये लंडनला पेपर नावाच्या माणसानं रंगमंचावर आणलेल्या युक्तीची आहेत: भलीमोठी काच, आणि दिसणार नाहीत अशा जागी उजळलेल्या बाहुल्यांचं तिच्यात पडणारं प्रतिबिंब. मला हे सगळं ठाऊक आहे, तरी काटा येतो. युक्ती कळल्यानं मजा जाते असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही.

बाहेर उन्हात आल्यावर आपल्याकडची उद्यानं आठवतात. खोपोलीच्या इमॅजिकात नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासोरस या डायनासोरवर बेतलेली बोटीची सफर आहे. मातीतल्या गोष्टीला हात घालायची ती हिंमत मला आवडते. पण कितीतरी ठिकाणी परदेशी पाळणे आणून उघड्या फरसबंदीवर मांडून ठेवतात. पार्किंगमधूनच सगळं दिसतं, रांग रणरणत्या उन्हात. पाळण्यावर कोट्यवधी रुपये आणि त्याच्याकडे नेणाऱ्या वाटेवर दोन कुंड्या. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण वळणं आणि आडोसे यांत आपले लोक मुळातच पटाईत. प्रत्येक घाट, प्रत्येक गड त्याचा पुरावा आहे.

बिग थंडरच्या रांगेत भाचा उंचीच्या पट्टीशी ताठ उभा राहतो. 40 इंच हवेत. तो सहज पार होतो. लाल कड्यांमधून वाट वळत जाते. डोंगरापलीकडून गाडीचा खडखडाट येतो, माणसांच्या किंकाळ्या येतात. मी वही काढून माझं चित्र त्याला दाखवतो: सह्याद्रीतला घाट, दोन्ही बाजूंना कारवी, पावसाळी बोगदा, मग कोंकणात उतरणारी गाडी.

"गाडी कुठाय?"

"इथे. बोगद्याच्या पलीकडे. रांगेतल्यांना दिसत नाही."

तो वही हातात घेतो, उलटी करून बघतो. "आवाज येतो का?"

तो मी कुठेच काढलेला नाही. "कुठून यायला हवा?"

भाचा रांगेच्या तिसऱ्या वळणावर बोट ठेवतो. "इथून. म्हणजे सगळे घाबरतील. पण पळून नाही जाणार." ताई हसत पेन पुढे करते, आणि तो तिथे एक मोठा भोंगा काढायला घेतो.