अण्णांचं गेज

सकाळचे सहा वाजायला दोन मिनिटं आहेत. अण्णा बाथरूमच्या दारात उभे आहेत. हातात प्लास्टिकचं मापाचं भांडं, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मी चहाचं आधण ठेवून गप्प उभी आहे, कारण या घटकेला कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही.

"झाले सहा," म्हणत ते दार लावून घेतात.

काल, रविवारी, याच वेळची लघवी त्यांनी टाकून दिली आणि वहीत वेळ लिहिली. तिथून पुढची प्रत्येक वेळची, रात्री दोनदा उठले तेव्हाचीसुद्धा, लॅबनं दिलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये आहे. आत्ताची शेवटची. पहिली टाकायची, शेवटची धरायची, नियम एवढाच. पण मधली एक जरी राहिली तरी चोवीस तासांचा हिशेब खोटा पडतो. म्हणून काल अण्णा शेजारच्या बारशाला गेले नाहीत. कॅन गार पाण्याच्या बादलीत आहे, वरून ओला पंचा गुंडाळलाय.

ते कॅन स्टुलावर ठेवतात, पुसतात, आणि गुडघे वाकवून डोळे पातळीच्या रेषेत आणतात. वरून बघत नाहीत, खालून बघत नाहीत, अगदी समोरून. अंगठ्याचं नख रेघेवर टेकतं.

"चौदाशे पन्नास." जरा थांबून म्हणतात, "पातळी पडलीय गं."

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला हा माणूस आहे, त्यातली बरीचशी नीरा डाव्या कालव्यावर. आवर्तन सुटलं की गेज वाचायचं, वहीत लिहायचं, फाट्याला किती सोडलं, चारीला किती गेलं, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचलं ते बघायचं. आता ते सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि तीच वही, तेच रकाने, स्वतःच्या पाण्यासाठी चालवतात. मागच्या चार वेळची पानं ते मला दाखवतात: २२००, २३५०, २१००, २२५०. शेजारच्या रकान्यात क्रिएटिनिन: १.४, १.३, १.४, १.४. आजचा रकाना अजून कोरा आहे.

"शनिवारी एसटीत किती पाणी प्यालात?" मी विचारते.

ते उत्तर देत नाहीत. बारामतीहून निघालं की गाडी कुठं थांबेल, थांबली तर तिथं जाण्यासारखी जागा असेल का, या काळजीनं ते आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. तशी त्यांच्या वयाची सगळीच माणसं तोडतात. मला हे ठाऊक आहे, तरी दर खेपेला मी शनिवारी फोन करायला विसरते.

साडेसातला आम्ही लॅबमध्ये आहोत. काउंटरवरची मुलगी कॅनवर बारकोड चिकटवते, किती भरलं ते स्वतः मोजते आणि लिहिते: १४५०. अण्णा मान डोलावतात. रक्त घेणारा मुलगा डाव्या दंडाला रबरी पट्टा बांधायला लागतो तसे अण्णा हात मागे घेतात.

"या हाताची शीर राखायचीय. उजव्या पंजावरनं घ्या."

"काका, पंजावर दुखेल."

"दुखू दे."

किडनीच्या डॉक्टरांनी हे दोन वर्षांपूर्वी सांगितलंय: पुढंमागं डायलिसिसची वेळ आली तर डाव्या मनगटाजवळची शीर धड पाहिजे, तिला सुई लावू द्यायची नाही. उजव्या पंजाच्या पाठीवर मुलगा बोटानं चाचपत राहतो. केमोनं शिरा दोरीसारख्या कडक झाल्यात. दुसऱ्या टोचणीला पिवळ्या झाकणाची नळी हळूहळू भरते. अण्णा तिच्याकडंही पातळी बघितल्यासारखंच बघतात.

रिपोर्टला तीन तास. हॉस्पिटलच्या डे केअरबाहेरच्या बाकावर आम्ही बसतो. समोर एक बाई डब्यातलं थालीपीठ मुलाला भरवतेय, मुलाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. अण्णांच्या मानेवर, कॉलरच्या जरा वर, पांढुरका ठिपका दिसतो. डायलिसिसची नळी तिथं होती.

तेव्हाचं सगळं पाठीच्या दुखण्यापासून सुरू झालं. गावाकडच्या एका दवाखान्यात चार महिने वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शनं चालली. लघवी तपासली, पट्टीवर प्रोटीन 'नाममात्र' आलं, किडनी चांगली आहे असं सांगितलं गेलं. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनलाच रंग बदलते. अण्णांना झालेल्या मल्टिपल मायलोमात हाडांच्या मगजातल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी जे प्रोटीन सोडतात, त्याचे सुटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, पट्टीला दिसतच नाहीत. पुण्यात चोवीस तासांची लघवी तपासली तेव्हा तीत सहा ग्रॅम प्रोटीन निघालं. तोवर क्रिएटिनिन ४.८ वर गेलं होतं. त्या चार महिन्यांचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पाठ महिनोन् महिने दुखतेय, माणूस पिवळा पडलाय, तर एवढी एक तपासणी कुणीतरी आधी लिहायला हवी होती.

वाईट हे की लघवीतलं हे प्रोटीन वैद्यकाला ठाऊक होऊन पावणेदोनशे वर्षं झाली. १८४५ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णाची लघवी हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडं तपासायला आली. कोमट केली की गढूळ, उकळली की स्वच्छ, निवली की पुन्हा गढूळ. आजही त्या प्रोटीनला त्यांचंच नाव आहे.

आमच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा कागदावर किडनीतली एक बारीक नळी काढली होती. लाइट चेन गाळणीतून सहज पार होतात, पण पुढं नळीत तिथल्याच एका प्रोटीनला चिकटतात आणि घट्ट बोळे होऊन बसतात. खाटेवर पडलेले अण्णा क्षीण आवाजात म्हणाले होते, "म्हणजे चारीत गाळ." मॅडम म्हणाल्या होत्या, "हो काका. आणि पाणी कमी पडलं की गाळ लवकर बसतो." तिथून दिवसाला अडीच-तीन लिटरचं बंधन आलं. बोर्टेझोमिबची इंजेक्शनं लागू पडली, कप्पा लाइट चेन नऊ हजारांवरून खाली आल्या, तीन आठवड्यांनी डायलिसिस सुटलं. किडनी पूर्ण मात्र आली नाही. १.४ वर थांबली. तो त्यांचा नवा काठ. दर तीन महिन्यांनी आम्ही येतो ते पाणी त्या काठालाच आहे ना, हे बघायला.

पावणेअकराला फोनवर रिपोर्ट येतो. मी उघडते. ठळक अक्षरात क्रिएटिनिन १.७. त्याखाली युरिया ८४. माझ्या हाताला घाम सुटतो. अण्णा चष्मा लावून स्क्रीन जवळ घेतात, वही उघडतात आणि कोऱ्या रकान्यात १.७ लिहितात. अक्षर जराही हलत नाही.

मॅडम रिपोर्टवरून एकदा नजर फिरवतात, मग लगेच अण्णांकडं वळतात. जीभ बघतात, हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडतात, बसून आणि उभं करून बीपी घेतात.

"काका, मध्ये काही झालं होतं?"

"इंदापूरला लग्न होतं. परवाच्या बुधवारी. दोन दिवस जुलाब."

"बीपीची गोळी तेव्हा चालूच होती?"

"एक दिवस चुकवली न्हाई."

मॅडम पेन खाली ठेवतात. "जुलाब-उलट्या लागल्या की पहिला फोन मला. काही गोळ्या तेवढे दिवस थांबवायच्या असतात, कुठल्या ते मी सांगेन. पाठदुखीची गोळी?"

"तिला हात लावत न्हाई."

"क्रिएटिनिनपेक्षा युरिया जास्त चढलाय, उभं राहिल्यावर बीपी पडतंय, लघवी कमी आहे. पाणी कमी पडल्याचं लक्षण वाटतं. कॅल्शियम ९.३, हिमोग्लोबिन ११.४, दोन्ही जिथल्या तिथं आहेत. पण आजार परत डोकं वर काढतोय का, ते लाइट चेनच सांगतील. ते चार दिवसांनी."

मागच्या वेळी कप्पा-लॅम्डाचं गुणोत्तर २.१६ आलं होतं आणि लॅबनं त्याच्यापुढं लाल खूण केली होती. मी रात्रभर जागी होते. निरोगी माणसासाठी १.६५ ही वरची हद्द, पण किडनी कमी चालत असेल तर लाइट चेन रक्तात रेंगाळतात, म्हणून तिथं ३.१ पर्यंत चालतं, हे मॅडमनी सकाळी सांगितलं तेव्हा कुठं जिवात जीव आला. या वेळी लाल खुणेला लगेच घाबरायचं नाही असं मी स्वतःला बजावते. तरी पोटात गोळा आहे.

"मॅडम, मोटार चालू किती?" अण्णा विचारतात. किती टक्के चालतेय, असं त्यांना म्हणायचं असतं.

"लॅबनं ईजीएफआर ४४ दिलाय. औषधाचा डोस ठरवायला मी वजनासकट धरते." त्या मोबाइल हातात घेतात, पण अण्णांनी वही पुढं ओढलीय. हे सूत्र त्यांनी पहिल्याच वर्षी विचारून घेतलं होतं. एकशेचाळीसातून वय वजा, ७३. गुणिले वजन ५८, म्हणजे ४२३४. खाली बहात्तर गुणिले १.७, म्हणजे १२२.४. ओठ हलतात, पेन्सिल चालते.

"चौतीस पूर्णांक सहा."

मॅडमच्या मोबाइलवर ३४.६ आहे. मागच्या वेळी वहीत ४२ होते.

"आज हाडाचं सलाइन नको," त्या म्हणतात. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचा पूर्ण डोस चार मिलिग्रॅमचा. अण्णांना ४२ वर ३.३ देत होते. तीसच्या खाली देतच नाहीत, आणि किडनी अशी हललेली असताना पुढं ढकलणंच बरं. "लेनालिडोमाइड पाचचीच राहू दे. तीसच्या खाली गेलं तर कमी करू. बीपीची गोळी मी सांगेपर्यंत बंद. शुक्रवारी परत रक्त, याच लॅबमध्ये. दुसरीकडं केलं तर आकडा मशीनमुळं बदलला की तुमच्यामुळं, ते कळायचं नाही."

"आणि पाणी?"

"आजपासून अडीच लिटर. एकदम नाही, दिवसभर विभागून. पायाला सूज किंवा दम लागला तर थांबून फोन."

बाहेर डे केअरच्या खुर्चीवर, जिथं आज त्यांना सलाइन लागायचं होतं, अण्णा जरा वेळ टेकतात. दुखत काही नाही, ताप नाही, चेहरा सकाळसारखाच. आकडा बघितला नसता तर आम्ही दोघं आत्ता मिसळ खायला गेलो असतो.

ते सिस्टरांना हाक मारतात. "ताई, ती पांढरी चिकटपट्टी वीतभर मिळंल का?"

सिस्टर पट्टी फाडून देतात. अण्णा माझी पाण्याची लिटरची बाटली घेतात, पट्टी तळापासून गळ्यापर्यंत उभी चिकटवतात, अंगठ्यानं दाबून हवा काढतात. मग पेननं तिच्यावर सारख्या अंतरानं आडव्या रेघा मारतात आणि प्रत्येक रेघेपुढं वेळ लिहितात. पहिली १२, मग १, मग २.

"शुक्रवारपर्यंत इथंच राहा," मी म्हणते. "एसटी नको."

"राहतो." ते भिंतीवरचं घड्याळ बघतात. बाराला पाच कमी आहेत. बाटलीचं झाकण उघडून ते मांडीवर धरून बसतात.