रक्तक्षय आणि वर्गातील लक्ष
अलीकडील संशोधनाचा शिक्षकांसाठी परिचय

आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांतून असा एखादा तरी विद्यार्थी असतो, की जो नियमित येतो, खोड्या करीत नाही, गुरुजींचे ऐकतो. परंतु त्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. कविता पाठ होत नाही, दुपारच्या सुटीनंतर तो भिंतीला टेकून बसतो, खेळाच्या तासाला इतरांच्या आधी दमतो. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘अभ्यासात मंद’ असा शेरा पडतो आणि तो शेरा त्याच्याबरोबर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो. अशा मुलांपैकी कित्येकांचे उणे बुद्धीत नसून रक्तात असते, ही गोष्ट गेल्या काही दशकांतील संशोधनाने पुष्कळच स्पष्ट केली आहे. त्या संशोधनाचे सार शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावे आणि शाळेच्या चौकटीत त्यातून काय करता येईल याचा विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रक्तक्षय म्हणजे काय?

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविणे हे त्याचे कार्य. हे द्रव्य तयार होण्यास लोह अवश्य लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलामुलींत दर शंभर मिलिलिटर रक्तात ११.५ ग्रॅम आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींत १२ ग्रॅम यांहून कमी हिमोग्लोबिन असल्यास त्या स्थितीस रक्तक्षय म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. आहारातील लोह कमी पडू लागले म्हणजे शरीर प्रथम आपला साठा खर्चते. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसते आणि सर्वांत शेवटी ते उतरते. म्हणजे रक्तक्षय ही लोहाच्या कमतरतेची पहिली नव्हे, तर शेवटची पायरी होय. त्याअगोदरच्या पायऱ्यांवर असलेली मुले तपासणीत निरोगी ठरतात. परंतु मेंदूलाही आपल्या कामासाठी लोह लागत असल्याने तुटीचा परिणाम त्यांच्यावरही होऊ शकतो.

रोगाचा विस्तार

२०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची एक व्यापक राष्ट्रीय पाहणी झाली. तीत ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी २८ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने दहा मुले! मोठ्या गटात मुलींचे प्रमाण ४० टक्के, तर मुलांचे १८ टक्के होते. मासिक पाळी सुरू झाल्यावर मुलींची लोहाची गरज वाढते. घरोघरी मात्र मुलीचे ताट बहुधा शेवटी वाढले जाते.

याच पाहणीतील दुसरा निष्कर्षही महत्त्वाचा आहे. रक्तक्षय असलेल्या सर्वच मुलांत लोहाची तूट नव्हती. फोलेट व ब१२ या जीवनसत्त्वांची कमतरताही अनेकांत आढळली. १० ते १९ वर्षांच्या गटात ती अनुक्रमे ३७ व ३१ टक्के मुलांत होती. फोलेट पालेभाज्या व कडधान्यांतून मिळते; ब१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. म्हणून ‘लोह’ हा एकच मंत्र जपून भागत नाही. ताटात विविधता हवी.

लोह आणि लक्ष

लोह कमी पडल्याने शिकण्याच्या शक्तीवर खरोखर परिणाम होतो काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी अनेक प्रकारे तपासला आहे. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात शेषाद्री व गोपालदास यांनी लहान व शाळकरी मुलांना लोह व फॉलिक ॲसिड देऊन प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. लोह मिळालेल्या मुलांचे हिमोग्लोबिन तर वाढलेच, शिवाय बौद्धिक कसोट्यांतील त्यांची कामगिरीही सुधारली.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात बेट्टी लोझॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाची तूट असलेल्या तान्ह्या मुलांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. उपचाराने त्यांचे रक्त भरून निघाले होते. तथापि पाचव्या वर्षी घेतलेल्या कसोट्यांत ती इतर मुलांच्या मागे असल्याचे १९९१ साली नोंदविले गेले. तान्हेपणी झालेली हानी पुढे सहजी भरून निघत नाही, हा त्यातील गंभीर बोध होय. आज आपल्या सातवी-आठवीत बसणारी मुलगी उद्याची माता आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या बोधाचे शाळेशी असलेले नाते उमगते.

मग शाळेच्या वयात उपाय करून काही उपयोग नाही काय? तसे मुळीच नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांवर निरनिराळ्या देशांत झालेल्या ३२ प्रयोगांचा एकत्र विचार करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे सात हजार मुले होती. रोज लोह घेणाऱ्या मुलांत रक्तक्षयाचा धोका निम्म्यावर आला आणि बौद्धिक कसोट्यांतील गुणही सुधारले. ‘मंद’ ठरलेल्या मुलाचा शेरा बदलू शकतो, असे म्हणावयास हा पुरावा पुरेसा आहे.

भाकरीचा प्रयोग

आपल्या महाराष्ट्रातच झालेला एक प्रयोग शिक्षकांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. १२ ते १६ वर्षांच्या २४६ विद्यार्थ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटास नेहमीच्या बाजरीचे, तर दुसऱ्यास निवड-संवर्धनाने लोहाचे प्रमाण वाढविलेल्या बाजरीचे पदार्थ, मुख्यतः भाकरी, खावयास देण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आरंभी लोहाची तूट असलेल्या मुलांपैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची तूट सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात त्यांचे लक्ष व स्मरण यांतही सुधारणा दिसली. ‘धनशक्ती’ नावाचे लोहयुक्त बाजरीचे वाण शेतकऱ्यांसाठी प्रसृत झालेले आहे. पालकसभेत याची माहिती देणे हे शिक्षकाच्या कार्यकक्षेबाहेरचे समजू नये.

ताटातील लोह रक्तात किती जाते?

धान्ये, डाळी व पालेभाज्या यांतील लोहाचा थोडाच अंश आतड्यांतून रक्तात शोषला जातो. हा अंश सोबत काय खाल्ले-प्यायले यावर पुष्कळ अवलंबून असतो. बंगळूर येथे तरुण स्त्रियांवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाताच्या जेवणाबरोबर एक पेला चहा घेतल्यास लोहाचे शोषण सुमारे निम्म्याने आणि दोन पेले घेतल्यास दोन-तृतीयांशाने घटल्याचे आढळले. उलट क जीवनसत्त्वाने ते कित्येक पटींनी वाढले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू दिला, तेव्हा लोहाचे शोषण दुपटीहून अधिक झाले. हा अभ्यास २०१३ सालचा आहे.

या निष्कर्षांना पैसा लागत नाही, सवय बदलावी लागते. सकाळी चहा-चपाती किंवा चहा-बटर खाऊन शाळेत येणारी मुले आपण नित्य पाहतो. त्यांच्या पोटात लोह गेले तरी चहा ते अडवितो. चहा जेवणाच्या आधी व नंतर निदान तासभर टाळावा आणि जेवणात लिंबाची फोड, आवळा, पेरू किंवा कैरी असावी. मटकी, मूग, चवळी यांना मोड आणल्यानेही त्यांतील लोह अधिक उपलब्ध होते. लोखंडी कढई व तवा यांचा जुना परिपाठही सोडू नये. इथिओपियात लोखंडी भांड्यांत शिजविलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन इतर मुलांहून अधिक वाढल्याचे १९९९ साली दाखविले गेले आहे. शाळेच्या परसबागेत शेवगा, राजगिरा, चवळई व लिंबाचे एखादे झाड लावल्यास विज्ञानाचा पाठ आणि आमटीतील पाला ही दोन्ही कामे साधतात.

जंत आणि अनवाणी पाय

अंकुशकृमी दूषित मातीतून अनवाणी पायांच्या कातडीवाटे शरीरात शिरतो आणि आतड्यास चिकटून रक्त शोषतो. एका कृमीने घेतलेले रक्त अल्प असते. पण कृमी शेकड्यांनी असले आणि आहारातील लोह बेताचे असले, म्हणजे जमाखर्च तुटीत जातो. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९१० च्या सुमारास शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के या कृमीने ग्रासलेली होती. तेथे मोठी निर्मूलन मोहीम झाली. होईट ब्लीकली यांनी २००७ साली जुन्या नोंदी तपासून दाखविले, की जेथे कृमींचा उपद्रव अधिक होता तेथे मोहिमेनंतर शाळेतील नोंदणी, उपस्थिती व साक्षरता अधिक वेगाने वाढली.

सरसकट सर्व मुलांना औषध दिल्याने सर्वत्र असाच लाभ होतो काय, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. परंतु ज्याच्या पोटात कृमी आहेत त्या मुलास औषधाने लाभ होतो, यात वाद नाही. २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांना चावून खावयास लावावी. त्याबरोबरच शौचालयाचा वापर, हात धुणे व पायांत चप्पल असणे यांवर भर द्यावा. नाही तर जंत पुन्हा होतात.

आठवड्याची गोळी

२०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी, तर १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी ६० मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा ठरविलेली आहे. दोहोंत फॉलिक ॲसिडही असते. काही न घेण्यापेक्षा अशी अधूनमधून घेतलेली गोळीही बारा वर्षांखालील मुलांत रक्तक्षयाचा धोका सुमारे निम्म्याने कमी करते, असे संशोधनाच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे. परंतु हा लाभ गोळी पोटात गेली तरच मिळणार.

येथेच आपल्या कामाची खरी कसोटी आहे. नोंदवहीत खूण असते आणि गोळी खिडकीबाहेर पडलेली असते, असा प्रकार कोठे कोठे घडतो. त्यामागे बहुधा भीती असते. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, कोणीतरी काही अफवा उठविलेली असते. गोळी रिकाम्या पोटी न देता शालेय पोषण आहारानंतर दिल्यास मळमळ कमी होते. शौचास काळे होणे हा लोहाचाच परिणाम असून निरुपद्रवी आहे, हे मुलांना व त्यांच्या मातांना आधीच सांगितले तर निम्मी भीती तेथेच संपते. शिक्षकाने स्वतः मुलांसमोर गोळी घ्यावी. शंभर शब्दांचे काम ती एक कृती करते.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी

१. डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ, नखे व तळहात यांचा फिकटपणा, थोड्या श्रमाने लागणारी धाप, तसेच माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय या खुणांकडे लक्ष असावे. माती खाणाऱ्या मुलास शिक्षा करू नये. ते बहुधा लोहाच्या तुटीचे लक्षण असते.

२. निदान आपण करू नये. नुसत्या डोळ्यांनी रक्तक्षय नक्की ओळखता येत नाही. अशा मुलांची यादी करून ती आरोग्यसेविकेस किंवा शाळा-तपासणीसाठी येणाऱ्या वैद्यकीय पथकास द्यावी आणि पुढे काय झाले याची विचारपूस करावी.

३. गोळी ठरलेल्या वारी, भोजनानंतर, आपल्या समोर, पाण्याबरोबर गिळावयास लावावी. चुकलेल्या आठवड्याची भरपाई म्हणून दोन गोळ्या देऊ नयेत. ताप किंवा अन्य आजार असलेल्या मुलास त्या दिवशी देऊ नये.

४. गोळ्या कुलुपात ठेवाव्यात. लहान मुलाने गोड समजून एकदम अनेक गोळ्या खाल्ल्यास जिवावर बेतू शकते.

५. विदर्भ, नंदुरबार व इतर आदिवासी भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. सांधे वारंवार दुखणारे, डोळे पिवळसर दिसणारे, फिकट मूल आढळल्यास रक्ततपासणीचा आग्रह धरावा. सिकलसेल किंवा थॅलेसिमिया असलेल्या मुलास लोहाची गोळी वैद्यांच्या सल्ल्याविना देऊ नये.

६. पालकसभेत चहा, लिंबू, मोड आलेली कडधान्ये आणि मुलीचे ताट हे चार विषय तरी वर्षातून एकदा घ्यावेत.

वरील यादी वाचून आणखी एक ओझे वाढले असे काही बंधुभगिनींस वाटेल. शिक्षकाकडे कामे पुष्कळ आहेत, हे कोणी नाकारणार नाही. परंतु अक्षरे गिरविण्यासाठी मूल वर्गात जागे असावे लागते, आणि ते जागे राहावे यासाठी त्याच्या रक्तात बळ असावे लागते. तेव्हा प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्या मुलाच्या पापणीकडे एकदा पाहावे, सकाळी काय खाल्ले ते विचारावे आणि त्याची तपासणी झाली आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. शेरा त्यानंतर लिहावा.