टाकून दिलेली सुई

रुग्णालयातील धोक्यांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते रोग्याच्या बाजूने. चुकीचे औषध, उशिरा मिळालेले रक्त, डॉक्टरांचा हलगर्जीपणा. ते बोलले पाहिजेच. परंतु इंजेक्शन दिल्यानंतर ती सुई कोणाच्या हातातून जाते, हे सहसा कोणी विचारीत नाही. घाण, मढी आणि रक्त यांचे काम या समाजव्यवस्थेने जन्मावर वाटून दिले होते. रुग्णालय आधुनिक झाले, वाटणी फारशी बदलली नाही.

पारनेरला आमच्या शेजारची एक बाई खाजगी दवाखान्यात झाडलोट करते. एका संध्याकाळी ती बोटाला चिंधी बांधून आली. केराच्या पिशवीतली सुई टोचली होती. "एवढीशीच तर टोचली, भाऊ. हळद लावली," म्हणाली. दवाखान्यात सांगितले नव्हते. काम जाईल ही भीती. लस कधी कोणी दिली नव्हती.

सुईवरचे रक्त बाधित असेल आणि लस घेतलेली नसेल, तर हिपॅटायटिस बी ही कावीळ शंभरांतल्या सहा ते तीस जणांना होऊ शकते. हिपॅटायटिस सी सुमारे दोघांना. एचआयव्हीची लागण हजारात तिघांना. माणसे भितात मात्र एचआयव्हीलाच. बी काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो, म्हणजे कालची सुईही निर्धोक नव्हे.

जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 साली झाले, 2016 साली ते नव्याने आले. त्यांनुसार सुया पिशवीत टाकायच्याच नाहीत; त्यांच्यासाठी सुई आरपार जाणार नाही असा पांढरा डबा आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी आणि अपघाताची नोंद, ही सारी जबाबदारी दवाखान्याची आहे. बाई कंत्राटावर आहे म्हणून ती टळत नाही.

सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, हळद लावून थांबू नये. एचआयव्हीला अटकाव करणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत, खरे तर पहिल्या काही तासांतच, सुरू करून 28 दिवस घ्याव्या लागतात. सरकारी रुग्णालयात त्या मोफत मिळतात.

दुसऱ्या दिवशी बाईला नगरला नेले. लसीचा पहिला डोस झाला. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. त्या दिवसाची मजुरी कापली गेली. दवाखान्याच्या वहीत टोचल्याची नोंद नाही.