विट्याच्या जुन्या वास्तू : वारसदारांची जबाबदारी

सांगली जिल्ह्यातील विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याला नाव खानापूरचे आणि कचेरी मात्र विट्यात, हे नवख्यास कोडे वाटते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वी हा तालुका साताऱ्यात मोडत असे. म्हणून येथील जुन्या दस्तऐवजांवर सातारा जिल्ह्याचा उल्लेख असतो.

सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर काही वर्षांतच, १८५४ मध्ये, विट्यास नगरपालिका स्थापन झाली. मुंबईच्या महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा, हे ध्यानी घेतले म्हणजे या संस्थेचे वय कळते. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत याच विट्याने देशात पहिला क्रमांक मिळवला. विजयादशमीस होणारी रेवणसिद्धांच्या दोन पालख्यांची शर्यत हीदेखील गावाची जुनी ओळख होय.

गावाची तिसरी ओळख व्यापारउदिमाची. पर्जन्यछायेतील या कोरडवाहू मुलखाने माणसांना उद्योगाकडे वळवले. काहींनी माग धरले. काहींनी जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याची गलाईची विद्या घेऊन देशभरातील शहरे गाठली. परमुलखातील कमाई गावी परतली आणि घरे उभी राहिली.

या भागातील जुनी घरे हवामानास अनुरूप असत. जाड भिंती, वर मातीचे माळवद आणि आत चौक. व्यापाऱ्याच्या घरी रस्त्याकडील सोप्यात पेढी, मागे माजघर व धान्यासाठी बळद अशी मांडणी असे. म्हणजे एकाच छपराखाली व्यवहार आणि संसार नांदत. घर पाहिले की घराण्याचा धंदा व रीत दोन्ही कळत.

अशा वास्तूंस आज कायद्याचा आधार तोकडा आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुने स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवता येते. परंतु सामान्य पेढी वा वाडा त्या यादीत सहसा जात नाही. त्यातच वारसदार अनेक, बहुतेक परगावी आणि वाटणी अपुरी. घर बंद राहते, पावसाळ्यात माळवद गळते, तुळया कुजतात. अखेरीस लाकूड भंगारात जाते आणि जागेवर दुकानगाळे उभे राहतात.

प्रत्येक वाडा राखणे कोणासही परवडणारे नाही, हे खरे. तथापि पाडण्यापूर्वी छायाचित्रे काढणे, मोजमापासह नकाशा करून ठेवणे, दारावरील सनाची पाटी वा कोरीव चौकट जतन करणे, जुन्या चोपड्या रद्दीत न घालणे आणि वडीलधाऱ्यांकडून घराची हकिगत लिहून घेणे, एवढे तर प्रत्येक कुटुंबास शक्य आहे. व्यापारी कुटुंबे मालमत्तेची नोंद काटेकोर ठेवतात. त्या नोंदीत घराची किंमत असते. ते कोणी, कोणत्या कष्टांतून बांधले, हेही त्यात आले पाहिजे.