घाट उतरण्याआधी

गाडी रस्त्यात कुरकुरू लागली, की आपण उतरून बॉनेट उघडतो. आतलं काही कळत नसलं तरी उघडतो. इकडची वायर हलवतो, तिकडची टोपी दाबतो आणि गंभीर चेहऱ्याने ‘हं’ म्हणतो. पण गाडीचे काही आजार बॉनेटखाली नसतातच. ते आपण बसतो त्या जागेच्या खाली असतात. अशाच एका आजाराची ही गोष्ट आहे.

२००८ सालचा मे महिना. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीत माझ्या भाचीचा निकाह होता. मिरजेहून आम्ही नऊ जण निघालो. गाडी एका मित्राची, मागून आणलेली. जीपच्या जातीची, लांबोडकी. पुढे माझ्या शेजारी अम्मी, तिच्या मांडीवर आहेराची पेटी. मागे बायका, पोरं आणि पाय ठेवायला जागा नाही इतकं सामान.

कोल्हापूर सोडल्यावर गाडीच्या पोटातून एक बारीक आवाज येऊ लागला. चीं, चीं, चीं. पिंजऱ्यात चिमणी असावी तसा. वेग वाढवला की चिमणीही घाई करायची. मी काय केलं असेल? टेपचा आवाज वाढवला. ही कबुली द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडणार होतं. निकाहाला पोचायचं होतं आणि आवाज ऐकला असता, तर थांबावं लागलं असतं.

मलकापूर मागे पडल्यावर एका चहाच्या टपरीशी थांबलो. निघताना गाडी मागे घेतली, तेव्हा खालून ‘टण्’ असा आवाज आला. पुढचा गिअर टाकून क्लच सोडला, पुन्हा ‘टण्’. अम्मीने माझ्याकडे पाहिलं. “कायका आवाज हे रे? कोल्हापूरसे सुन रही हूँ मैं.” मी म्हटलं, “काही नाही अम्मी, जुनी गाडी आहे.” ती म्हणाली, “पुरानी हे करके तो पूछ.”

टपरीवाल्याने मलकापुरातला एक मिस्त्री बोलावून घेतला. पिशवीत पाने घेऊन तो मोटारसायकलवर आला. वय पंचविशीचं असेल. मला वाटलं, आता हा बॉनेट उघडेल. त्याने उघडलं नाही. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली, डॉक्टरने विचारावे तसे.

“उभ्या गाडीत इंजिन पळवलं तर वाजतंय का?” पळवून पाहिलं. वाजत नव्हतं. म्हणजे आवाज इंजिनाचा नव्हता.

मग तो शेजारी बसला आणि सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू चालवायला लावली. “आता क्लच दाबा.” दाबला. इंजिन चाकांपासून सुटलं तरी चिमणी बोलतच होती. म्हणजे आवाज इंजिनाच्या तालावर नव्हता, रस्त्याच्या तालावर होता. “डावीकडं वळवा. आता उजवीकडं.” वळवून पाहिलं, आवाज बदलला नाही. चाकाचं बेअरिंग गेलं असतं, तर वळताना एका बाजूला भार पडून बहुधा घरघर कमीजास्त झाली असती. “इंजिन उगीच पळतंय आणि गाडी सरकत नाही, असं होतंय का? जळका वास?” तसं नव्हतं. म्हणजे क्लच घसरत नव्हता.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. “पावणं, आवाज चाकाच्या फेऱ्याला एकदा येतोय, का जास्त?” कवितेच्या मात्रा मोजायची सवय इथे उपयोगी पडली. चाकाच्या एका फेऱ्यात आवाज अनेकदा येत होता. मिस्त्री हसला. “मग क्रॉस गेलाय.”

क्रॉस म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. ज्या गाड्यांची मागची चाकं ओढतात, त्यांत तिथून एक लांब पोकळ नळी पोटाखालून मागे जाते. तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. मागच्या एक्सलमधल्या दातेरी चाकांपाशी ती ताकद पोचते आणि दोन चाकांत वाटली जाते. तिथे वेगही कमी होतो. साधारणपणे शाफ्ट चार वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला हा शाफ्ट मिनिटाला हजारावर फेरे घेत असतो, आणि तोही आपल्या पायांखाली वीतभर अंतरावर.

आता अडचण अशी, की गिअरबॉक्स गाडीला घट्ट बसवलेला असतो आणि मागचा एक्सल पाट्यांवर वरखाली नाचत असतो. मग मधला शाफ्ट ताठ राहून कसं चालेल? म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो, आपल्या मनगटासारखा. फिरताही येतं आणि वाकताही येतं. या सांध्याच्या पोटात अधिकाच्या चिन्हासारखा चार बाह्यांचा लोखंडी तुकडा असतो. तोच क्रॉस. प्रत्येक बाहीवर एक वाटी, वाटीत सुईसारखे बारीक रोलर आणि ग्रीस. सोळाव्या शतकातला इटालियन गणिती आणि वैद्य कार्डानो याच्या नावावरून याला कार्डन सांधा म्हणतात. इंजिनिअरिंगची मुलं त्यालाच सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखतात.

या सांध्याची एक खोड आहे. तो वाकलेला असताना त्यातून जाणारी गती एकसारखी राहत नाही. दर फेऱ्यात दोनदा पुढे धावते, दोनदा मागे रेंगाळते. म्हणून दुसऱ्या टोकाचा सांधा असा बसवतात, की पहिल्याने बिघडवलेली लय दुसऱ्याने सावरावी. दोघांची दिशा चुकली, तर सगळी गाडी थरथरते. मिस्त्रीने नटबोल्ट सोडवण्याआधी खडूने रेघा मारल्या, त्या याचसाठी. जे जिथून निघालं, ते तिथेच परत बसायला हवं.

पण त्याआधी त्याने एक गोष्ट करायला लावली. “चाकांना दगड लावा.” मी म्हटलं, “गाडी गिअरमध्ये आहे की.” तो म्हणाला, “शाफ्ट काढल्यावर गिअर धरणार कुणाला?” मी गप्प झालो. गिअर चाकांना धरून ठेवतो तो या शाफ्टमधूनच. शाफ्ट निघाला, की गिअरचा आणि चाकांचा संबंध संपला. “हँडब्रेक?” तो म्हणाला, “तुमचा चाकांवर हाय. काही जुन्या जीपांचा शाफ्टवरच असतोय. दगुड लावलेला बरा.”

मग तो खाली शिरला आणि शाफ्ट हाताने पिळून दाखवला. मागच्या सांध्याची एक बाजू हलत होती, दुसरी नंतर हलत होती. मधली ती ढिलाई म्हणजेच ‘टण्’. वाटीभोवती तांबूस भुकटी जमली होती. दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट काढून शाफ्ट मोटारसायकलला बांधून तो मलकापूरला गेला. क्रॉस काढा-बसवायला पक्का व्हाइस लागतो. रस्त्यावर हातोडीने ठोकला, तर वाटी तिरपी बसते आणि आतल्या सुया पडतात.

अडीच तासांनी तो परतला. नवा क्रॉस बसवलेला, ग्रीस भरलेलं. जुना त्याने माझ्या तळहातावर ठेवला. एका वाटीत सुया उरल्याच नव्हत्या; गंजाचं पीठ झालं होतं. ग्रीस आटलं, पाणी शिरलं आणि सुया कोरड्या फिरत राहिल्या. तीच आमची चिमणी.

मी विचारलं, “तसेच पुढे गेलो असतो तर?” त्याने हाताने आंब्याच्या दिशेने दाखवलं. पुढे आंबा घाट होता, साखरप्यापर्यंतची उतरण. घाटात आपण खालच्या गिअरमध्ये उतरतो आणि इंजिन चाकांना मागे खेचतं. तो आधार शाफ्टमधूनच येतो. उतारावर क्रॉस तुटला, की गाडी एकदम मोकळी सुटते. नऊ माणसांचं वजन सगळं पायातल्या ब्रेकवर येतं आणि ब्रेक तापत जातात. खाली लोंबलेला शाफ्ट फिरत राहून ब्रेकची नळी किंवा पेट्रोल-डिझेलची टाकी फोडू शकतो. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं, तर गाडी उचलली जाते. त्याने हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी मागे बसलेल्या पोरांकडे पाहिलं आणि टेपचं बटण आठवलं.

आज बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाकं ओढतात. त्यांत हा लांब शाफ्ट नसतो. पण पुढच्या चाकांकडे जाणारे छोटे शाफ्ट आणि त्यांचे सांधे असतातच, आणि त्यांवर रबरी टोप्या असतात. टोपी फाटली, की ग्रीस बाहेर, धूळ आत. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना ‘कट् कट् कट्’ ऐकू आलं, तर तो सांधा बोलतो आहे असं समजावं. विजेवरच्या गाडीत इंजिन नसतं, पण चाकांपर्यंत ताकद पोचवायला सांधे तिथेही लागतात.

म्हणून प्रवासात अनोळखी आवाज आला, तर घाटाच्या अलीकडे, सपाट जागी थांबावं. इंजिनाबरोबर वाढतो की वेगाबरोबर, वळताना बदलतो का, गिअर टाकताना ठोका येतो का, एवढं पाहून ठेवावं. मिस्त्रीचं निम्मं काम तिथेच होतं. आणि चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली कुणी जाऊ नये.

आम्ही रात्री उशिरा रत्नागिरीत पोचलो. आपा दारातच उभी होती. “इतका उशीर?” अम्मीने आहेराची पेटी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “देर से आए, लेकिन सब आए.” तो जुना क्रॉस अजून माझ्या टेबलावर आहे. कागदांवर वजन म्हणून ठेवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)